आधी पर्याय वाचा, मग गणित

‘सर, अंदाजाने उत्तर काढायचं म्हणजे तुक्काच ना?’ स्पर्धा परीक्षा देणारी मुलं हे विचारतात, त्यांचे पालक तर काळजीनेच विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून लिहितो.

तुक्का प्रश्न न वाचताही मारता येतो. अंदाजाला आधी गणित कळावं लागतं. 487 × 19.8 ÷ 51 घ्या. पर्याय 145, 189, 211, 236. मनात 500 × 20 ÷ 50 केलं की 200 येतात. आता 189 आणि 211 दोन्ही सारखेच लांब! इथे मुलं अडतात, कारण राउंड फिगर करताना आपण कुठल्या बाजूला सरकलो, हे त्यांनी पाहिलेलं नसतं. 487 चे 500 केले, उत्तर वाढलं. 19.8 चे 20 केले, वाढलं. भाजक 51 वरून 50 वर आणला, तेव्हाही वाढलंच. म्हणजे खरं उत्तर 200 च्या खाली: 189. मी सर्वांत जास्त वेळ शिकवतो ती ही दिशा.

कधी आकडेमोडही लागत नाही. जाताना ताशी 40 किमी, त्याच रस्त्याने येताना 60, तर सरासरी वेग किती? पर्याय 48, 50, 52, 54. कमी वेगाने जास्त वेळ प्रवास झाला, म्हणून सरासरी 50 च्या आतच हवी. तसा पर्याय एकच आहे.

यूपीएससीच्या सीसॅटमध्ये, म्हणजे नागरी सेवा पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या पेपरात, दोन तासांत 80 प्रश्न असतात, म्हणजे एकाला दीड मिनिट. चूक झाली की त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण कापले जातात. चार पर्यायांत डोळे मिटून तुक्का मारत राहिलात, तर सरासरी मिळकत शून्य. पण अंदाजाने दोन पर्याय खात्रीने बाद केले आणि उरलेल्या दोनांत निवड केली, तरी सरासरीने त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण पदरात पडतात.

मात्र पर्यायांमधलं अंतर आधी बघा. 78 × 56 ला 4358, 4368, 4378, 4388 असे पर्याय असतील तर अंदाज कामाचा नाही, आणि एकक स्थानचा अंकही सगळीकडे 8 च. तिथे एकच अंक उरेपर्यंत अंकांची बेरीज करा: 78 ची 15, म्हणजे 6, 56 ची 2, गुणाकार 12, म्हणजे 3. ती 3 फक्त 4368 ची येते.