रिंगा गेल्या! पण डबल स्टॅक आता मागे पडलाय

गेल्या एकदाच्या न्यूटन रिंगा, म्हणजे माझ्या सूर्याच्या फोटोंवर परावर्तनामुळे उमटणाऱ्या गोल पट्ट्या! मागच्या अपडेटमध्ये ज्या पट्ट्यांनी पूर्ण डिस्कवर (सूर्यबिंबावर) ठाण मांडलं होतं त्या आता कच्च्या फ्रेममध्येही दिसत नाहीत, आणि नवीन काहीही विकत न घेता. सेटअप तोच, ८० एमएम एफ/६ (फोकल लांबी व्यासाच्या सहापट) दुर्बीण, मागे ४.३ एक्स टेलिसेंट्रिकवालं (प्रतिमा मोठी करून किरण समांतर करणारी लेन्स असलेलं) एटालॉन (हायड्रोजनचा लाल प्रकाश तेवढा सोडणारा फिल्टर) म्हणजे एफ/२६ च्या जवळपास, आणि तोच ५.८६ मायक्रॉन पिक्सेलवाला मोनो कॅमेरा.

आधी रिंगा फ्लॅटने (एकसारख्या उजेडाची फ्रेम घेऊन तिने फोटोतले डाग काढणं) घालवायला बघत होते. फ्लॅट घेतल्या घेतल्या व्हिडिओ एकदम स्वच्छ येतात, पण माउंट थोडं पुढे गेलं आणि कॅमेऱ्याचा भार जरासा दुसऱ्या बाजूला आला की पॅटर्न सरकतो, मग तोच फ्लॅट उलट्या रिंगा छापायला लागतो. एका पॅनलपुरतं (चित्राच्या एका तुकड्यापुरतं) निभतं, असे तुकडे जोडलेल्या मोझेकमध्ये मात्र प्रत्येक जोडावर दिसतं आणि प्रॉमिनन्सच्या (सूर्याच्या कडेबाहेर दिसणाऱ्या ज्वाळांच्या) टाइमलॅप्समध्ये तर मागचं आकाश लुकलुकत राहतं, त्याचं काहीच करता येत नाही.

म्हणून रिंगा येतात कुठून ते आधी पक्कं केलं. कॅमेरा नोजपीसमध्ये जागच्या जागी फिरवला, स्क्रीनवर सूर्य फिरला पण रिंगांचा मध्य ज्या कोपऱ्यात होता तिथेच राहिला. म्हणजे एटालॉनचा काही संबंध नाही, सेन्सर आणि त्याच्यावरची काच यांच्यातच परावर्तन होतंय. गणितही जुळतं: ६५६.२८ नॅनोमीटरला (हायड्रोजनच्या एच-अल्फा रेषेला) ०.७ अँगस्ट्रॉम बँडविड्थ म्हणजे कोहेरन्स लेंग्थ (जेवढ्या अंतरफरकापर्यंत प्रकाश अशा पट्ट्या पाडू शकतो ती) साधारण ६ मिलिमीटर, तेवढ्यात काचेची ती फट सहज बसते. रात्री ७ नॅनोमीटरचा एच-अल्फा फिल्टर वापरणाऱ्यांना हा त्रास का नाही, तर तिथे हीच लेंग्थ ०.०६ मिलिमीटर असते. त्यात एफ/२६ ला किरण जवळजवळ समांतर येतात, त्यामुळे पॅटर्न पुसून टाकायला वेगवेगळे कोनही मिळत नाहीत.

आता टिल्टबद्दल (म्हणजे कॅमेरा थोडा तिरका लावून रिंगा घालवणं), कारण खरी गंमत इथेच आहे. टिल्ट जास्त दिला तर कडा सॉफ्ट होतील या भीतीने सगळे (मीही) जेमतेम एक डिग्रीवर थांबतात. पण एफ/२६ ला डेप्थ ऑफ फोकस (सेन्सर किती मागेपुढे झाला तरी चित्र स्पष्ट राहतं ते अंतर) काढून बघा, दोन गुणिले तरंगलांबी गुणिले एफ-रेशोचा वर्ग, म्हणजे दोन्ही बाजूंना जवळपास ०.९ मिलिमीटर! सेन्सरची आखूड बाजू ७.१ मिलिमीटर, ती ३ डिग्री तिरकी केली तरी या टोकापासून त्या टोकापर्यंत फरक ०.४ मिलिमीटरच्या आतच. म्हणजे भरपूर जागा आहे. फक्त आखूड बाजूच वरखाली होईल असा टिल्ट द्या, लांब बाजू नाही. आणि टिल्ट वाढवत गेलं की रिंगा आधी एका बाजूला सरकतात, मग त्यांच्या दाट बारीक रेषा होतात, त्या रिंगांपेक्षा जास्त डोळ्यात खुपतात म्हणून इथे माघार घ्यावीशी वाटते. घेऊ नका, तसंच पुढे जा, रेषा विरतात.

टिल्ट अ‍ॅडॅप्टर घेणार असाल तर पुश-पुल स्क्रूवालाच घ्या, स्प्रिंगवाले कॅमेऱ्याच्या वजनाने बसतात असं माझं ठाम मत झालंय. आणि किती डिग्रीपर्यंत जातो ते विचारल्याशिवाय घेऊ नका, मला एका विक्रेत्याने ‘खास न्यूटन रिंगांसाठी’ म्हणून दाखवलेला पीस एक डिग्रीच्या पुढे जात नव्हता, तो काय कामाचा!

पहिला स्वच्छ स्टॅक (अनेक फ्रेम एकत्र करून बनलेलं चित्र) ऑटोस्टॅकर्ट सॉफ्टवेअरमधून बाहेर आला आणि मी बघतच बसले. एक फिलामेंट (डिस्कवर गडद दिसणारा वायूचा पट्टा) डिस्कवरून कडेपर्यंत जातो आणि कडेच्या बाहेर तोच उजळ प्रॉमिनन्स होतो, सलग, मध्ये एकही पट्टी नाही. शार्पनिंग अगदी थोडं केलं, गरजच नव्हती.

आता अपग्रेडचं. मागच्या अपडेटमध्ये पुढचा खर्च डबल स्टॅकवर (एकामागे एक दोन एटालॉन) असं लिहिलं होतं, ते मागे घेते. दुसरं एटालॉन लावून ०.५ अँगस्ट्रॉमला गेलं की कोहेरन्स लेंग्थ साडेआठ मिलिमीटरच्या वर जाते, म्हणजे रिंगा कमी होण्याचा प्रश्नच नाही, वर प्रकाश घटतो, एक्सपोजर वाढतं आणि सीइंग (हवेची थरथर) गोठवणं अवघड होतं. त्यापेक्षा ९ मायक्रॉन पिक्सेलचा आयएमएक्स ४३२ सेन्सरवाला कॅमेरा बरा वाटत होता, नायक्विस्टने (सर्वात बारीक तपशिलावर किमान दोन पिक्सेल हवेत या नियमाने) त्याला एफ/२७ लागतो, माझ्या एफ/२६ ला अगदी जुळतो, ५.८६ ला एफ/१८ च पुरतो.

पण हे लिहिता लिहिता ०.५ एक्स रिड्युसरचा (प्रतिमा निम्मी करणाऱ्या लेन्सचा) हिशोब केला आणि आता तोच आधी घ्यावा असं वाटतंय. एफ/१३ ला किरणांचा कोन दुप्पट होतो म्हणजे रिंगा आपोआपच फिक्या पडणार, डिस्क १९ मिलिमीटरवरून साडेनऊच्या आसपास येते, म्हणजे सध्याच्या कॅमेऱ्यावर दोन पॅनलमध्ये पूर्ण सूर्य! आयएमएक्स ४३२ ची आखूड बाजू ९.९ मिलिमीटर, त्यात डिस्क एका फ्रेममध्ये मावेल पण प्रॉमिनन्सला जागाच उरणार नाही, म्हणजे दोन पॅनल तिथेही करावेच लागणार, मग कॅमेऱ्याची घाई कशाला. एकच धाकधूक, एफ/१३ ला डेप्थ ऑफ फोकस चौपट कमी, ०.२२ मिलिमीटर, त्यामुळे ३ डिग्री टिल्ट अगदी काठावर येतो, तो उतरवावा लागेल. टेलिसेंट्रिकच्या मागे रिड्युसर लावणाऱ्यांनी सेन्सरपर्यंतचं अंतर किती ठेवलंय आणि कडांना अंधार येतो का तेवढं सांगा, म्हणजे स्पेसर त्या हिशोबाने मागवते.