जातं आणलं, उखळ राहिलं

१७ मे, रात्री उशिरा

सोलापूरहून आलेले पाकीट गेले अकरा दिवस टेबलावर पडून आहे. पाठवणारी मुलगी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिची आई विड्या वळते, आणि आईवर लिहायला घेतलेल्या कादंबरीची पहिली चाळीस पाने तिने पत्रासोबत जोडली आहेत. शेवटी दोन प्रश्न आहेत : ‘सर, तुम्हांला प्रेरणा कुठून मिळते? आणि नव्याने लिहिणाऱ्यांना तुम्ही काय सांगाल?’ या प्रश्नांना मी व्याख्यानांतून इतकी वर्षे जे उत्तर देत आलो, ते आज कागदावर उतरवून पाहिले आणि माझे मलाच ओशाळल्यासारखे झाले. वाचन, चिंतन, सामाजिक बांधिलकी. हे उत्तर कोणाच्याही नावावर खपले असते.

खरे काय घडले, ते निदान या वहीत तरी लिहून ठेवतो.

उजनीवरची कादंबरी मी संतापातून लिहायला घेतली होती. भीमेवरचे ते धरण १९८०मध्ये पूर्ण झाले आणि यशवंतसागराच्या पाण्याने इंदापूर, करमाळा या तालुक्यांतली नदीकाठची गावे गिळली. त्याविषयीची कात्रणे, शासकीय आदेश, धरणग्रस्तांची निवेदने यांची जाडजूड फाइल माझ्यापाशी होती आणि तिच्या जोरावर नव्वद पाने लिहूनही झाली होती. माझा नायक बायकोशी ज्या भाषेत बोलत होता, त्या भाषेत माणूस तहसीलदाराला अर्ज लिहितो, हे माझ्या ध्यानात यायला मात्र दोन वर्षे लागली.

मग एका उन्हाळ्यात पाणी बरेच उतरले आहे असे कळले, म्हणून पळसदेवला गेलो. नवे गाव पुणे-सोलापूर रस्त्यालगत वसले आहे. जुने पाण्यात आहे, आणि पाणी ओसरू लागले की पळसनाथाच्या देवळाचे शिखर आधी दिसते. हौशी मंडळी ते पाहायला येतात, छायाचित्रे काढतात. मीही काढली, आणि लिहिताना मला त्यांचा काडीचाही उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो नव्या गावातल्या एका आजींचा. त्यांच्या ओसरीवर जाते होते, आणि काहीतरी बोलायला हवे एवढ्यासाठीच मी विचारले, ‘आजी, हे जुन्या घरातलं का?’

‘व्हय. जातं आणलं. उखळ ऱ्हायलं,’ त्या म्हणाल्या आणि सुपारी कातरू लागल्या.

जात्याच्या दोन्ही तळ्या सुट्या करून बैलगाडीत घालता येतात, पण जुन्या घरांतले उखळ जमिनीत काठापर्यंत पुरलेले असते, ते उपटायचे तर सारवलेली भुई फोडावी लागते. हे मला ठाऊक होते, तरी माझ्या नव्वद पानांत ते कुठेच नव्हते. मुसळ मात्र त्यांनी आणले होते. दाराच्या आडोशाला भिंतीला टेकून ते उभे होते. ‘मग नवं उखळ नाही केलं?’ असे मी विचारले, तर आजी हसल्या. ‘लेकरा, गिरण आली नव्हं!’ मी डोळ्यांत पाणी आणायच्या तयारीत होतो आणि त्यांनी मला तेवढीही सवलत दिली नाही.

परतताना एसटीत तिकिटाच्या मागे ते चार शब्द लिहिले. घरी आल्यावर नव्वद पाने बांधून माळ्यावर टाकली आणि गाव सोडायच्या आदल्या रात्री उखळ झाडून ठेवणाऱ्या बाईपासून पुन्हा सुरुवात केली. पहिल्या खर्ड्यात तिने उखळाला हळदकुंकू वाहिले होते. पुढे ते मी खोडले, कारण ते मला हवे होते, तिला नव्हे.

प्रेरणा म्हणतात ती एवढीच, आणि तिच्यानंतर सहा वर्षांचे काम. त्या कामातला मोठा भाग वस्तूंची नावे शोधण्यात गेला. गावाकडच्या एका चुलत्यांनी हस्तलिखित वाचून विचारले, ‘तुझी विहीर किती मोटंची रं?’ मी नुसतेच ‘विहीर’ असे लिहिले होते. मग धाव, थारोळे, नाडा, सौंदर हे मोटेचे सगळे शब्द त्यांच्यापाशी बसून शिकलो, घरी येऊन मोल्सवर्थच्या १८५७च्या आवृत्तीत आणि दाते-कर्वे यांच्या शब्दकोशात ताडून पाहिले. पुणे जिल्ह्याचे १८८५चे गॅझेटियर इंदापूरची जमीन, पाऊस, पिके सांगते. कोणत्या विहिरीवर कोणाला पाय ठेवू देत नसत, हे विचारायला माणसांकडेच जावे लागले, आणि ते सांगताना माणसे आवाज खाली आणत. संवाद कसे लिहावेत याचे मला मिळालेले शिक्षण म्हणजे तो खाली आलेला आवाज.

स्फूर्तीची वाट पाहत बसणाऱ्यांना मी हरिभाऊ आपट्यांची आठवण करून देतो. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही त्यांची कादंबरी १८९०मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली. अंक निघायचा म्हणजे मजकूर हवाच. त्या तगाद्याखाली एका पुरुषाने यमूच्या तोंडून, प्रथमपुरुषी, बाईचे आयुष्य लिहिले. घरातल्या बायकांचे बोलणे त्यांनी किती लक्ष देऊन ऐकले असेल, हे मला दर वाचनात नव्याने जाणवते. (मला मात्र दिवाळी अंकांच्या संपादकांचे श्रावणातले फोन आले की ताप भरतो.)

आता त्या मुलीची पाने. ‘वेदना’ हा शब्द एकोणीस वेळा आला आहे, मी मोजला. आईच्या मांडीवरचे सूप एकदाही आलेले नाही, पान बेतायचा पत्र्याचा साचा नाही, कारखान्यात नापास होऊन परत आलेल्या विड्यांचे घरी काय करतात तेही नाही. मात्र एकतिसाव्या पानावर, जणू चुकून, एक वाक्य उतरले आहे : रात्री पाने भिजवून ओल्या फडक्यात बांधताना आई त्या गाठोड्याला थोपटते आणि ‘निजा आता’ म्हणते. तिथे मी वाचता वाचता थांबलो. आधीची तीस पाने तिला त्या वाक्यापर्यंत पोहोचण्यासाठी लिहावी लागली असतील, तर ती वाया गेली असे म्हणवत नाही. छापायची मात्र नाहीत.

दोन्ही प्रश्नांना बगल देऊन शेवटी पोस्टकार्डच लिहिले. ‘तुमची कादंबरी पान ३१वर सुरू होते. आधीची पाने बांधून ठेवा. आई पानांशी आणखी काय काय बोलते ते तिला न विचारता, नुसते शेजारी बसून, महिनाभर ऐका आणि जसेच्या तसे लिहून मला पाठवा. सुपाखाली मांडीवर ती काय अंथरते, तेही कळवा.’

सकाळी फिरायला जाताना पेटीत टाकायचे आहे. पिन कोड पाकिटावरून उतरवून घ्यायचा राहिला.