आमची वाटचाल : सूत, टॅली आणि कुलूप लागलेल्या फायली

इचलकरंजीतल्या सूत व्यापाऱ्यांचे आणि सायझिंगवाल्यांचे सर्व्हर सांभाळणं हा आमचा धंदा. टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर), नेटवर्किंग, एएमसी (वर्षभराच्या देखभालीचा करार). सुरुवातीची वर्षं बरी गेली, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आला. हे रॅन्समवेअर, म्हणजे फायलींना कुलूप लावून सोडवण्यासाठी खंडणी मागणारा व्हायरस. त्यावरचा मायक्रोसॉफ्टचा पॅच (दुरुस्ती) मार्चमध्येच आला होता. आमच्या गिऱ्हाइकांकडे तो टाकलेला होता आणि तो ज्यातून शिरायचा ते एसएमबीचं (नेटवर्कवर फायली शेअर करण्याच्या पद्धतीचं) जुनं व्हर्जन १ बंद होतं. एकाही मशीनला धक्का लागला नाही. न झालेल्या नुकसानीबद्दल शाबासकी कोण देतो? पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या नावाच्या तशाच व्हायरसने न्हावा शेवा बंदराचं एक टर्मिनल ठप्प केलं, तेव्हा कुठे लोकांना विषय कळला. तिथे तर खंडणी हा नुसता बहाणा होता. पैसे भरूनही फायली उघडण्याची सोय त्यात नव्हती.

आमच्यावर वेळ आली ती मात्र एका स्पर्धकामुळे. त्याने निम्म्या दरात आमची गिऱ्हाइकं पळवली. मालकाला घरून टॅली बघायची असते, म्हणून याने राउटरवर ३३८९ पोर्ट (विंडोज मशीन लांबून चालवण्याचं दार) सरळ फॉरवर्ड करून दिला, म्हणजे इंटरनेटला उघडा ठेवला. असे उघडे पोर्ट हुंगणारे बॉट (आपोआप चालणारे प्रोग्रॅम) रात्रंदिवस फिरत असतात. युजर ॲडमिनिस्ट्रेटर, पासवर्ड ‘टॅली१२३’, आणि कितीही वेळा चुकला तरी खातं लॉक होत नाही! आत शिरलेला घाई करत नाही. आधी अँटिव्हायरस बंद करतो, शॅडो कॉपी (विंडोजने ठेवलेल्या जुन्या प्रती) पुसतो, शेअर केलेले ड्राइव्ह शोधतो आणि मग शनिवारी रात्री कुलूप लावतो, म्हणजे सोमवारपर्यंत कोणी बघणार नाही. बॅकअपची यूएसबी डिस्क कायम सर्व्हरला अडकवलेली, त्यामुळे तीही गेली. बोभाटा झाला आमच्या नावाने, कारण सर्व्हरवर जुना स्टिकर आमचा होता. करार धडाधड तुटले, पोरांचे पगार थकले. दुकान विकायची बोलणी सुरू झाली होती.

एक सूतवाले शेठ तेवढे हलले नाहीत. म्हणाले, “तुम्हाला हवं तसं करा, फक्त महिनाअखेरीला टॅली बंद पडता कामा नये.” त्यांच्या पेढीवर बसवलेली व्यवस्था आम्ही आजही सगळीकडे बसवतो. कोपऱ्यात जुना संगणक, त्यावर लिनक्स. रात्री तो स्वतः सर्व्हरवरून डेटा ओढून घेतो. सर्व्हरला मात्र त्याच्यात लिहिण्याचा अधिकार नाही, त्याचा पासवर्डही सर्व्हरवर कुठे ठेवलेला नाही. चौदा दिवसांच्या प्रती वेगवेगळ्या राहतात, म्हणजे कुलूप लागलेली प्रत चांगल्या प्रतीवर चढत नाही. शिवाय लाल आणि हिरवी टेप लावलेल्या दोन डिस्का. एक कॉपी होण्यापुरतीच जोडायची, दुसरी शेठच्या घरी कपाटात. घरून टॅली बघायची तर व्हीपीएन (इंटरनेटवरून पेढीपर्यंतचा सुरक्षित खासगी मार्ग), त्यावर मोबाइलचा ओटीपी. बिलिंगवाल्या मुलाला ॲडमिन अधिकार नाहीत; तो रुसला तरी चालेल.

आता न विचारता सांगतो. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकू नका. डीजेव्हीयू नावाचं रॅन्समवेअर मुख्यतः त्यातूनच येतं. ते प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा सुमारे १५० केबी भागच बिघडवतं, म्हणून मोठे व्हिडिओ आणि झिप यांतलं काही वाचवता येतं. छोटी एक्सेल शीट मात्र पुरती जाते. फायलींची नावं बदललेली दिसली की आधी लॅन केबल काढा, वायफाय बंद करा. घाबरून फॉरमॅट मारू नका. कुलूपबंद फायली आणि खंडणीची चिठ्ठी वेगळ्या डिस्कवर ठेवा. ‘नो मोअर रॅन्सम’ या साइटवर काही प्रकारांची किल्ली फुकट मिळते, आज नसली तर पुढे येऊ शकते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवावं लागतं. ‘आधी सीएला विचारतो’ म्हणत बसलात तर तेवढ्यात वेळ संपतो. आणि चोर कुठून शिरला ते सापडेपर्यंत बॅकअप परत चढवू नका, नाहीतर तोच पोर्ट, तोच पासवर्ड, पुन्हा तोच पाहुणा.

दर तिमाहीला आम्ही बॅकअप दुसऱ्या मशीनवर चढवून टॅली उघडतो आणि तेरीज (ट्रायल बॅलन्स) मूळ तेरजेशी ताडून बघतो. नुसतं ‘बॅकअप सक्सेसफुल’ असं हिरव्या अक्षरांत आलं म्हणून आम्ही सही करत नाही. या कामाचे पैसे बिलातून कमी करा, असं प्रत्येक नवं गिऱ्हाईक म्हणतं. आम्ही ती ओळ काढत नाही.