रंग लांबच, आधी खरवडा
आज दिवसभर मधल्या खोलीच्या भिंती खरवडल्या, आता हात खांद्याच्या वर जाईना. आमचं घर सांगलीत गावभागात, त्यामुळं खालच्या मजल्यावर २०१९ च्या महापुराची ओळ अजून दिसते, वरून कितीही डिस्टेंपर मारा, तिथूनच खार फुटतो आणि पापुद्रे सुटतात. पेंटर मामांनी आल्या आल्या शेडकार्ड बाजूला ठेवायला लावलं. म्हणाले, आधी सुटलेलं सगळं काढा, आणि खार कोरड्या ब्रशनंच झाडा, ओलं फडकं मारलं की तो विरघळून परत भिंतीत जातो आणि वाळला की पुन्हा वर येतो. पटलं बुवा.

बाकी मग नेहमीचंच, कपाट मधे ओढून वर प्लास्टिक, फॅनला पिशवी, मेन स्विच बंद करून बोर्डाच्या प्लेटा काढल्या, चौकटींना टेप. खिडकीला मात्र आजोबांच्या वेळचा ऑइलपेंट आहे, तो पाणी मारूनच घासला, तोंडाला मास्क लावून आणि पोरांना वर पाठवून, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं. रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा आपल्याकडं २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या डब्यात काय होतं कुणास ठाऊक.

आई दर थोड्या वेळानं डोकावून "अजून रंग न्हाई व्हय?" अगं अजून भेगा भरायच्यात, पुट्टीचे दोन हात, पॉलिश पेपर, मग प्रायमर, मग रंग! कलर तिनंच ठरवलाय, मोतिया. आमचं मत कुणी विचारलेलं नाही.