टेलिग्रामवर गेलेल्या नोट्स आणि २१ दिवसांचं घड्याळ

टिळकवाडी असो की निपाणी, क्लासच्या छापील नोट्स परीक्षेच्या तोंडावर पीडीएफ होऊन टेलिग्रामवर दिसल्या की सर तडक तक्रारीचा मेल टाकतात. तिथंच घाई नडते.

कॉपीराइट नियम, २०१३ मधला नियम ७५ आधी नीट वाचा. लेखी तक्रारीत तथ्य दिसलं की मध्यस्थानं, म्हणजे इथं टेलिग्रामनं, ३६ तासांत मजकूर बंद करायचा, पण तो २१ दिवसांपुरताच. तेवढ्यात कोर्टाचा हुकूम दाखवला नाही, तर मजकूर पुन्हा खुला करता येतो. त्याहून वाईट म्हणजे त्याच कामाबद्दल (म्हणजे त्याच नोट्सबद्दल), त्याच ऑनलाइन ठिकाणासाठी तुम्ही पुन्हा तक्रार केली, तर तिची दखल घ्यायचं बंधन त्याच्यावर उरत नाही. म्हणून आधी वकीलपत्र, दाव्याचा मसुदा आणि कागद तयार ठेवा, तक्रार मग पाठवा. दावा लावण्याची लेखी हमीही त्या तक्रारीतच द्यावी लागते.

दाव्यासाठी बेंगळुरू गाठायची गरज नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे वादी राहतो किंवा धंदा करतो तिथल्या जिल्हा कोर्टात दावा चालतो, म्हणजे बेळगावातच. मात्र मराठी नोट्सचं कानडी किंवा इंग्रजी भाषांतर सोबत हवं, आणि आपल्याकडे दिवस खर्ची पडतात ते यातच. नोंदणी सक्तीची नाही, पण पुस्तकामागे ५०० रुपये भरून ती केलेली असली तर मालकी सिद्ध करणं सोपं जातं.

सगळ्यात जास्त मेहनत लिंकांच्या यादीवर घ्या. ‘अमुक चॅनेलवरच्या सगळ्या नोट्स काढा’ एवढंच लिहून भागत नाही. मायस्पेस या वेबसाइटच्या खटल्यात दिल्ली हायकोर्टानं २०१६ साली सांगितलं, की नेमकं काम आणि नेमकी जागा कळवल्याशिवाय मध्यस्थाला माहिती होती असं धरता येणार नाही. टेलिग्रामच्या सार्वजनिक लिंकमध्ये ‘टी डॉट मी’, मग चॅनेलचं युजरनेम आणि शेवटी पोस्टचा आकडा असतो. युजरनेम बदललं की ती लिंक मेली. त्यामुळे दिसेल त्याच दिवशी तारीख, वेळ, पूर्ण लिंक आणि फाइलचं नाव दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, फाइल उतरवून तिची हॅश, म्हणजे फाइल बदलली नाही हे दाखवणारा तिचा आकडी-अक्षरी ठसा, काढा. डिजिटल पुराव्यासोबत द्यायच्या, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅश लिहावीच लागते, आणि त्याचा दुसरा भाग तज्ज्ञानं भरायचा असतो. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-बी चा नमुना अजूनही कुणी जोडतं. १ जुलै २०२४ नंतरच्या दाव्यात तो चालवू नका.

मागणीत फक्त ‘काढून टाका’ लिहू नका, चॅनेल चालवणाऱ्याचा मोबाइल नंबर, ईमेल आणि आयपी पत्ता मागा. सर्व्हर सिंगापूरला असल्याची सबब दिल्ली हायकोर्टानं ऑगस्ट २०२२ मध्ये टेलिग्रामकडून ऐकून घेतली नाही. नव्या नावानं तोच मजकूर आला तर वेगळा दावा न लावता प्रतिज्ञापत्रावर त्या लिंका जोडण्याची मुभाही मागा. २०१९ मध्ये त्याच कोर्टानं चोरट्या साइट्सबाबत ही वाट खुली केली. हे निकाल कर्नाटकात बंधनकारक नाहीत, वजनदार आहेत, म्हणून मागणी स्पष्ट शब्दांत लिहिलेलीच हवी.

एकतर्फी मनाई (समोरच्याचं म्हणणं न ऐकता दिलेला मनाई हुकूम) मिळाली तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दावा, अर्ज, कागदपत्रं समोरच्याला पाठवून तसं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९, नियम ३ ची ही अट चुकली की समोरचा वकील मनाई उठवायला पहिला मुद्दा हाच घेतो.