आधी नंबर, मग ड्रायव्हर

रविवार.

जुन्या डेस्कटॉपवर विंडोज ७ नव्याने टाकलं की डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे संगणकाच्या सगळ्या भागांच्या यादीत, पिवळ्या उद्गारचिन्हांची रांग लागते. त्या भागांचे ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते चालवायला शिकवणारी छोटी सॉफ्टवेअर, अजून बसलेली नसतात. इथरनेट कंट्रोलर, एसएम बस कंट्रोलर, पीसीआय सिम्पल कम्युनिकेशन्स कंट्रोलर आणि तळाला नुसतंच ‘अननोन डिव्हाइस’. आवाज नाही, नेट नाही, स्क्रीनवरची अक्षरं फुगलेली. मदरबोर्डसोबतची सीडी अशा वेळी कधीच सापडत नाही. मग ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ म्हणणारं एखादं सॉफ्टवेअर टाकायचा मोह होतो. तो आवरावा. चालणारा ड्रायव्हर काढून त्या जागी भलताच बसवणं आणि सोबत नको ती चार सॉफ्टवेअर घुसवणं, हा त्यातल्या बऱ्याच जणांचा धंदा आहे.

खरं तर ड्रायव्हर शोधण्याआधी उपकरण ओळखायला हवं, आणि उपकरण आपली ओळख स्वतःच सांगतं. पिवळ्या खुणेवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्सचा टॅब, यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’. सगळ्यात वरची लांबलचक ओळ महत्त्वाची. त्यात ‘व्हेन’च्या पुढे चिप बनवणाऱ्या कंपनीचा नंबर असतो आणि ‘डेव्ह’च्या पुढे त्या चिपचा. १०ईसी म्हणजे रियलटेक, १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १००२ म्हणजे एटीआय, म्हणजे आताची एएमडी. इंटेलचा नंबर ८०८६. १९७८ साली आलेल्या आपल्याच प्रोसेसरचं नाव त्यांनी इथे लावून घेतलंय. १०ईसी आणि ८१६८ ही जोडी दिसली की ते रियलटेकचं गिगाबिट नेटवर्क कार्ड. मदरबोर्ड कुणाचा का असेना.

ओळ कागदावर उतरवायची असेल तर एक लक्षात ठेवावं: ‘व्हेन’ आणि ‘डेव्ह’च्या नंबरांत अंकांखेरीज ए ते एफ एवढीच अक्षरं येतात. त्यामुळे ‘ओ’ वाटतो तो शून्यच असतो. घोळ होतो तो ‘बी’ आणि आठमध्ये. त्यापेक्षा राइट क्लिक करून ओळ कॉपी करावी आणि पेन ड्राइव्हवरच्या नोटपॅडच्या फाइलमध्ये टाकावी.

त्याच खिडकीत जनरलच्या टॅबवर कोड असतो, तोही वाचावा. २८ म्हणजे ड्रायव्हर नाहीच. १० म्हणजे ड्रायव्हर आहे, पण उपकरण सुरू होत नाही. बहुधा चुकीची आवृत्ती. ४३ म्हणजे उपकरणानेच तक्रार केली आहे, तिथे ड्रायव्हर बदलत बसण्याआधी कार्ड काढून, स्लॉट साफ करून पुन्हा बसवून पाहावं. ५२ म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल सही विंडोजला पटलेली नाही. ६४ बिट विंडोज ७ वर हे हमखास होतं, कारण नंतरच्या काळातले ड्रायव्हर एसएचए-२ या नव्या पद्धतीने सही केलेले असतात आणि मूळ विंडोज ७ ला ती सही ओळखता येत नाही. त्यासाठी केबी३०३३९२९ हे अपडेट हवं. सुरू होताना एफ८ दाबून सहीची तपासणी बंद करता येते, पण ती तेवढ्या वेळेपुरतीच. पुढच्या रीस्टार्टला ये रे माझ्या मागल्या.

आता ड्रायव्हर कुठून आणायचा? आधी घरातच पाहावं. फॉरमॅट न करता विंडोज टाकलं असेल तर सी ड्राइव्हवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचा फोल्डर उरतो. त्यातल्या विंडोज, मग सिस्टिम३२, मग ड्रायव्हरस्टोअर आणि त्यातल्या ‘फाइलरिपॉझिटरी’मध्ये जुन्या विंडोजने बसवलेले ड्रायव्हर पडलेले असतात. अपडेट ड्रायव्हर करताना ‘ब्राउज’ म्हणून हा फोल्डर दाखवायचा आणि सबफोल्डरची खूण ठेवायची. त्यातल्या आयएनएफ फाइलींमध्ये (ड्रायव्हर कुठल्या नंबरांसाठी आहे ते यात लिहिलेलं असतं) नंबर जुळवण्याचं काम विंडोज स्वतः करतं. अट एकच: जुनं विंडोज ३२ बिट आणि नवं ६४ असेल तर यातलं काहीही उपयोगाचं नाही. विंडोज १० मात्र हा फोल्डर दहा दिवसांनी आपणहून पुसतं, म्हणून तिथे घाई करावी.

फॉरमॅट झालं असेल तर पहिलं लक्ष्य नेट. अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग, म्हणजे फोनचं नेट संगणकाला देण्याची सोय, सुरू केलं की विंडोज ७ त्याला सहसा आपल्याजवळच्याच ड्रायव्हरने नेटवर्क कार्ड समजतं. केबल काळ्या यूएसबी पोर्टात लावावी. निळे पोर्ट बहुधा यूएसबी ३ चे असतात आणि विंडोज ७ मध्ये त्यांचा ड्रायव्हर नसतो, म्हणून ते आत्ता मुके असतात.

मग मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग या वेबसाइटच्या शोधात तोच नंबर टाकायचा, ओळीतला ‘डेव्ह’पर्यंतचाच भाग. पूर्ण ओळ टाकली तर अनेकदा काहीच मिळत नाही. फाइल कॅब प्रकारची, म्हणजे झिपसारखी बांधलेली, येते. ती एक्सप्लोररमधून ओढून काढली तर आतली फोल्डरांची रचना मोडते आणि ‘फाइल सापडत नाही’ असा निरोप येतो, म्हणून सेव्हन-झिप या सॉफ्टवेअरने उघडावी. कॅटलॉगचा फायदा असा की उत्पादकाने आपल्या साइटवरून जुनी पानं काढून टाकली तरी तिथे ड्रायव्हर बऱ्याचदा सापडतो.

बसवायचा क्रम: आधी चिपसेट (मदरबोर्डवरच्या मुख्य चिप्स), मग नेटवर्क, ग्राफिक्स, शेवटी आवाज. इंटेलचं चिपसेटचं पॅकेज म्हणजे मुख्यतः नावांच्या पाट्या. एसएम बसची पिवळी खूण त्याने जाते, वेग वाढत नाही. त्याच्या नव्या आवृत्त्यांवर तारीख दिसते १८ जुलै १९६८, कंपनीच्या स्थापनेची. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर २१ जून २००६ असते. दोन्ही मुद्दाम टाकलेल्या: जुळणी सारखीच असेल तर विंडोज नव्या तारखेचा ड्रायव्हर निवडतं, म्हणून सर्वसाधारण ड्रायव्हरला जुनी तारीख द्यायची, म्हणजे खास ड्रायव्हर त्याच्यावर मात करतो. ‘२००६ चा ड्रायव्हर’ पाहून तो बदलायला धावणं म्हणूनच व्यर्थ.

ग्राफिक्सनंतर आवाज गेला तर घाबरू नये. ग्राफिक्सच्या ड्रायव्हरसोबत एचडीएमआयचा आवाजही येतो आणि कधी कधी तोच डिफॉल्ट होऊन बसतो. प्लेबॅकच्या यादीत स्पीकर पुन्हा डिफॉल्ट केले की झालं.

उरलेल्या अनोळखी उपकरणाच्या आयडीत ‘एसीपीआय’ आणि एटीके०११० दिसलं तर ते आसुस मदरबोर्डचं देखरेखीचं साधन. त्याच्यावाचून काही अडत नाही. सिम्पल कम्युनिकेशन्स म्हणजे बहुधा इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन (चिपसेटमधला वेगळा छोटा नियंत्रक), नाहीतर डायल-अप मोडेम. मोडेम असेल तर सरळ डिसेबल करावा. त्याच्या ड्रायव्हरसाठी रविवार घालवण्यात अर्थ नाही.

सगळं चालू लागल्यावर, त्याच दिवशी, ड्रायव्हर बाहेर काढून ठेवावेत. विंडोज १० मध्ये ‘पीएनपीयूटिल’ या कमांडचा एक्सपोर्टचा पर्याय विंडोजसोबत न आलेले सगळे ड्रायव्हर एका फोल्डरात देतो. विंडोज ७ मध्ये ती सोय नाही. तिथे अख्खी फाइलरिपॉझिटरी पेन ड्राइव्हवर उतरवावी आणि फोल्डरच्या नावात ३२ की ६४ हे लिहून टाकावं.