टेन्साइल पास, लिव्हर मोडला

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) आमच्या वर्कशॉपमध्ये मी क्वालिटी बघते. फोर्जिंग (तापवून, साच्यात ठोकून घडवलेला नग) बाहेरून येतं, मशिनिंग आमचं. एकदा ग्राहकाकडून मोडलेला लिव्हर परत आला, सोबत तिखट पत्र. मी आधी फाईल काढली. हार्डनेस बरोबर, ईएन १९ पोलादाची केमिस्ट्री बरोबर, टेन्साइल (ओढून तोडायची चाचणी) तर झकास. 'माल निर्दोष होता' असं उत्तर टाइपही करून झालं.

मिस्त्रीकाका (दांडिया बाजारचे, निम्मं बोलणं गुजराती) तुकडा फिरवत म्हणाले, "अगं, टेन्साइलचा बार कुठून काढलास?"

लिव्हरच्या पोटातून, लेथवर सोलून. म्हणजे ज्या सालीत खोट होती, ती साल मीच भंगारात टाकली होती!

मोडलेल्या तोंडावर शिंपल्यावर असतात तशा रेघा होत्या, सगळ्या एका कडेपासून निघालेल्या. फटीगच, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण येऊन मोडणं. वाकणाऱ्या भागात ताण सर्वांत जास्त असतो तो पृष्ठभागावर. एकदाच ओढून तोडताना तिथली बारीक खाच फारशी जाणवत नाही. लाखो वेळा वाकवलं की तिथूनच भेग चालू लागते.

ती कड कापून, पॉलिश करून, नायटल (अल्कोहोलमधलं पातळ नायट्रिक ॲसिड) लावून मायक्रोस्कोपखाली धरली. आत काळा स्केल (तापलेल्या पोलादावर धरणारी ऑक्साइडची खपली), दोन्ही बाजूंना कार्बन उडालेला पांढुरका पट्टा. कार्बन उडतो तो तापलेला असताना, म्हणजे भेग आधीचीच; तेलात विझवताना तडकलं असतं तर भेगेच्या कडा अशा दिसल्या नसत्या. ही लॅप होती: डायच्या (साच्याच्या) कोपऱ्याला रेडियस, म्हणजे गोलाई, कमी, त्यामुळे तापलेला धातू स्वतःवरच दुमडलेला.

उरलेल्या लॉटला डाय पेनेट्रंट (भेगेत शिरून ती दाखवणारा रंग) मारलं. काहीच दिसेना! मी सुटकेचा श्वास टाकणार, तेवढ्यात काका म्हणाले, शॉट ब्लास्टिंगने घडीचं तोंड मिटतं, पेनेट्रंट आत शिरणार कुठून? मग मॅग्नेटिक पार्टिकल (नग चुंबकित करून भेगेवर चमकणारी लोहपूड गोळा होते ती चाचणी) केलं, तेही दोन दिशांनी, कारण चुंबकीय रेषांना समांतर असलेली भेग लपून राहते. अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली अकरा लिव्हरांवर हिरवी रेघ चमकली, सगळ्यांवर त्याच कोपऱ्यात.

सात नग अलाउन्सच्या (घासायला ठेवलेल्या जादा जाडीच्या) आत ग्राइंड करून, उतार गुळगुळीत करून, पुन्हा तपासून वाचले. शेवटचे ओरखडे लांबीच्या दिशेनेच ठेवायचे. आडवे राहिले तर नव्या खाचा आपणच पाडल्या. चार स्क्रॅप.

फोर्जवाल्याने डायचा रेडियस वाढवून दिला. बिल मात्र आमच्या नावावर फाडलं.